प्रकाश आणि अनुसरण : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका रूपकाचा इतिहास

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांची नावे ओळीने वाचली तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. १८३२ चे ‘दर्पण’, १८४१ चा ‘प्रभाकर’, १८४२ चा ‘ज्ञानोदय’, १८४९ चा ‘ज्ञानप्रकाश’, १८६६ चा ठाण्याचा ‘अरुणोदय’, बाबा पदमनजींची ‘सत्यदीपिका’. आरसा वगळला तर ही सारी नावे उजेडाची आहेत. आणि आरशालाही उजेडावाचून अर्थ नाही. यांपैकी ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे सुरू केलेले पत्र. ‘सत्यदीपिका’ही ख्रिस्ती परंपरेतलीच. ‘प्रभाकर’, ‘ज्ञानप्रकाश’ ही नव्या विद्येने घडलेल्या हिंदू सुशिक्षितांची पत्रे होत. हे दोन पक्ष धर्माच्या प्रश्नावर एकमेकांशी हिरिरीने भांडत होते, आणि भांडताना दोघांच्याही हाती रूपक एकच होते. अंधार समोरच्याच्या घरात आहे, एवढ्यापुरताच मतभेद.

या समान रूपकामुळे मराठी वाङ्मयेतिहासात एक गैरसमज रूढ झाला आहे. ख्रिस्ती लेखक ‘प्रकाश’ म्हणतो तेव्हा त्याला प्रबोधनाचा, म्हणजे ज्ञानाने अज्ञान घालवण्याचाच प्रकाश अभिप्रेत असतो, असे आपण गृहीत धरतो. परिणामी मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची गणना एक तर प्रबोधनाच्या साधनांत होते, नाही तर वसाहतवादी प्रचारात. दोन्ही वर्गीकरणांना आधार आहे. परंतु या वाङ्मयातील ज्या कृती टिकल्या, त्या दोहोंपैकी एकाही खणात नीट बसत नाहीत. त्या का बसत नाहीत याचे उत्तर, प्रस्तुत लेखकाच्या मते, ‘प्रकाश’ या रूपकाच्या अन्वयातच दडलेले आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील प्रकाश ही मुळात जाणून घेण्याची वस्तू नसून मागे चालण्याची वाट आहे. प्रकाशाच्या अर्थापासून शिष्यत्वाचा अर्थ वेगळा काढता येत नाही. मराठीत हा अन्वय एकदम सिद्ध झाला नाही. सुमारे तीनशे वर्षे तो घडत गेला. त्या घडणीचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम मूळ संहितेकडे पाहणे आवश्यक आहे. बायबलच्या आरंभी, उत्पत्तीच्या पुस्तकात, प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी. प्रकाश हा सूर्याचा गुण नव्हे आणि स्वयंभू तत्त्वही नव्हे. तो शब्दाने, आज्ञेने अस्तित्वात आलेला आहे. सूर्योपासक संस्कृतींच्या शेजारी बसून रचलेल्या या कथेने सूर्याला देवपणावरून उतरवून चाकरीला लावले, हे अभ्यासकांनी अनेकदा दाखवले आहे. म्हणजे प्रकाशाची जुळणी येथे आरंभापासूनच हाकेशी आहे. कोणीतरी बोलावते आणि उजेड होतो.

योहानाच्या शुभवर्तमानात हा संबंध अधिक दृढ होतो. तेथे येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. पण त्याच विधानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तो पाहणाऱ्याविषयी बोलत नाही, मागे येणाऱ्याविषयी बोलतो. जो अनुसरेल तो अंधारात चालणार नाही. क्रियापद चालण्याचे आहे. अंधारात मशालजीच्या मागोमाग जाणाऱ्या माणसाला संपूर्ण वाट दिसत नसते. पुढच्या पावलापुरता उजेड त्याला मिळतो, आणि तो थांबला तर मशाल पुढे निघून जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात याची दुसरी बाजू येते. तेथे येशू शिष्यांनाच जगाचा प्रकाश म्हणतो, दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही असे बजावतो, आणि लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहावीत अशी अपेक्षा व्यक्त करतो. एका शुभवर्तमानात गुरू प्रकाश आहे, दुसऱ्यात शिष्य. या दोन विधानांमधील अंतर म्हणजेच शिष्यत्व.

आणखी दोन स्थळे महत्त्वाची आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत दमास्कसच्या वाटेवर शौलाभोवती आकाशातून प्रकाश पडतो, तेव्हा त्याला दिसू लागत नाही. असलेली दृष्टी जाते. तीन दिवस तो आंधळा राहतो. ती दृष्टी त्याला परत मिळते ती हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याने त्याच्यावर हात ठेवल्यावर. ज्यांचा छळ करायला तो निघाला होता त्यांच्यापैकीच एकाचा तो हात. योहानाच्या पहिल्या पत्रात देव प्रकाश आहे हे विधान येते, आणि लगेच पुढच्या अध्यायात त्याची कसोटी येते. भावाचा द्वेष करणारा स्वतःला प्रकाशात समजत असला तरी अंधारातच आहे. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मसभेने पुत्र हा पित्यापासून, प्रकाशातून प्रकाश यावा तसा आहे, असा सिद्धान्त मांडला. चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास याने रूपांतराच्या डोंगरावरील तेज हे अनिर्मित असल्याचे प्रतिपादन केले. ही तत्त्वचर्चा सूक्ष्म आणि मोलाची आहे. परंतु मराठीच्या संदर्भात निर्णायक ठरली ती पत्रातली ती साधी कसोटी : उजेड खरा आहे की नाही हे शेजाऱ्याशी असलेल्या वागणुकीवरून कळते.

३

हे रूपक मराठीत आले तेव्हा मराठी भाषा उजेडाच्या बाबतीत रिकामी नव्हती. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी श्रीगुरूंवर केलेले सूर्याचे रूपक सर्वपरिचित आहे. त्या सूर्याचे नवल असे की तो उगवला म्हणजे विश्वाचा आभास मावळतो. अद्वैताच्या भूमीवर हे रूपक पूर्णपणे सुसंगत आहे. प्रकाश आतलाच आहे, आवरण तेवढे सरायचे आहे. याउलट योहानाचा प्रकाश जगात येतो. जग मावळत नाही. ते उजळते, आणि त्यातली घाणही दिसू लागते. गुरूला सूर्य म्हणणाऱ्या वाचकाला येशू प्रकाश आहे हे विधान ओळखीचे वाटणार, आणि ओळखीचे वाटल्यामुळेच त्यातला फरक निसटणार, अशी ही स्थिती होती.

मात्र या फरकाचे जे ठोकळेबाज सूत्र मिशनरी वादग्रंथांनी रूढ केले, की हिंदू परंपरेत अंधार म्हणजे अज्ञान आणि ख्रिस्ती परंपरेत अंधार म्हणजे पाप, ते मराठीपुरते टिकत नाही. पसायदानात जो अंधार जावा अशी मागणी आहे तो दुरिताचा आहे. आणि विश्वाने पाहावे ते स्वधर्माच्या सूर्याने. १२९० मध्येच मराठीने उजेडाची सांगड आचरणाशी घातली होती. ज्ञानेश्वरीच्या अंतर्यामी असलेले हे दोन उजेड, एक विश्वाभास मावळवणारा आणि दुसरा विश्वातले दुरित घालवणारा, यांपैकी दुसरा उजेड मराठी ख्रिस्ती कवीला पुढे घराची वाट दाखवणार होता.

बोलीभाषेची साक्षही लक्षात घ्यावी लागेल. ‘प्रकाश’ हा संस्कृत शब्द मराठीत गंभीर आहे. ‘उजेड’ आणि ‘दिवा’ मात्र खट्याळ आहेत. ‘काय दिवे लावलेस?’ किंवा ‘मोठा उजेड पाडलास!’ असे म्हणताना मराठी माणूस समोरच्याकडून कृतीचा हिशेब मागत असतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण तर थेट उपदेशकालाच लागू पडते. मराठीने उजेडाच्या दाव्याकडे नेहमी संशयाने पाहिले आहे. दावा करणाऱ्याने आधी काही करून दाखवावे अशी तिची अट आहे. डोंगरावरील प्रवचनातील दिव्याचा दृष्टान्त आणि मराठी वाक्प्रचारातील हा उपरोध यांचे गोत्र एकच आहे, हे आपल्या भाषांतरकारांच्या नजरेतून बहुधा सुटले. त्यांनी ‘प्रकाश’ घेतला आणि ‘उजेड’ घराबाहेर ठेवला.

४

मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीच्या परिसरात त्यांनी आयुष्य घालवले. ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला आणि १६१९ मध्ये ते निवर्तले. दोन भागांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण आहे. जुनी पुराणे हातातून गेली आहेत, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत काही द्यावे, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी ही या ग्रंथाची प्रस्तावना आहे. ‘पाद्री गुरु’ सांगतो, श्रोते शंका विचारतात.

या चौकटीत प्रकाशाचा इतिहास दोन पातळ्यांवर वाचावा लागतो. पहिली पातळी सत्तेची. गोव्यात धर्मन्यायसभा १५६० मध्येच स्थापन झाली होती. देवळे पाडली गेली होती, देशी ग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले होते. श्रोत्याच्या हातातून जुनी पुराणे गेली होती ती त्याने आपखुशीने टाकली म्हणून नव्हे. आधी दिवा विझवायचा आणि मग अंधार आहे म्हणून नवा दिवा द्यायचा, हा व्यवहार स्टीफन्सच्या ग्रंथाच्या पायाशी आहे, आणि त्याची भाषा कितीही गोड असली तरी समीक्षेने ते विसरू नये.

दुसरी पातळी रूपबंधाची. स्टीफन्सने ओवी घेतली, पुराणाची श्रवणसभा घेतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. त्याने शिष्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. पोर्तुगीज सत्तेने जे श्रोत्याकडून हिसकावले होते, त्यातली ऐकण्या-विचारण्याची रीत ग्रंथाच्या रचनेने परत केली. पुराण ऐकणारा माणूस एका बैठकीत प्रकाशित होत नाही. तो रोज येतो, प्रसंगामागून प्रसंग ऐकतो, पुन्हा येतो. अनुसरणाचा हा मंद, दीर्घ काळ ओवीच्या चालीत आपसूक उतरला आहे. ख्रिस्तपुराण चर्चमध्ये वाचले-गायले जात असे आणि पुढे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतही ते टिकले, याचे कारण त्यातील सिद्धान्तांत नसून या चालीत आहे. मंगळूर येथे सालढाणा यांनी १९०७ मध्ये रोमन लिपीत त्याची आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ मध्ये. मराठीच्या आपल्या लिपीत छापून येण्यास या ग्रंथाला ३४० वर्षे लागली, ही वस्तुस्थिती मराठी समीक्षेच्या उजेडाविषयीही काही सांगते.

५

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. शाळा, छापखाना आणि भाषांतरित बायबल ही तीन साधने आली. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने आरंभलेले मराठी भाषांतराचे काम मुंबई आणि अहमदनगरच्या मिशनऱ्यांनी पुढे नेले. आता प्रकाश म्हणजे पुस्तक, नकाशा, दुर्बीण आणि शुभवर्तमान या सगळ्यांचे मिश्रण झाले. ‘ज्ञानोदया’त विज्ञानाची माहिती आणि धर्मोपदेश शेजारी शेजारी येत ते याच गृहीतकावर : भूगोल कळला की पुराणे कोसळतील आणि पुराणे कोसळली की ख्रिस्त कळेल. यातील पहिला टप्पा काही अंशी खरा ठरला. दुसरा ठरला नाही. पुराणांवरचा विश्वास उडालेले बहुसंख्य सुशिक्षित परमहंस मंडळी, प्रार्थना समाज किंवा निव्वळ बुद्धिवादाकडे गेले. महात्मा फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात पाद्री हे पात्र आहे आणि शेतकरी जोडप्याचे डोळे उघडण्यात त्याचा वाटाही आहे. पण ते जोडपे शेवटी चर्चमध्ये जात नाही, शाळेत जाते. विद्या हाच तिसरा डोळा. ज्ञानप्रकाश आणि श्रद्धाप्रकाश यांची फारकत फुल्यांनी इतक्या लवकर ओळखली होती.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) या फारकतीच्या मधोमध उभे आहेत. बेळगाव आणि मुंबई येथील मिशन शाळांत त्यांचे शिक्षण झाले. परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘अरुणोदय’. वादकाराला शोभणारे नाव ‘मध्याह्न’ असे झाले असते. त्यांनी पहाट निवडली. पहाटेत उजेड आणि अंधार यांची सीमा दाखवता येत नाही. बालपणीच्या कासार घरातील व्रते, वाचन, भीती, शंका यांना या आत्मचरित्रात जी विस्तृत जागा मिळाली आहे, तिचे समर्थन या शीर्षकात आहे. जुना काळ येथे काळाकुट्ट रंगवला जात नाही. तो अरुणोदयापूर्वीचा, पण अरुणोदयाकडे सरकणारा काळ आहे.

‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण शिकवतो आणि विधवांच्या दुःस्थितीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ते वाचन योग्यच आहे. परंतु कादंबरीचा धार्मिक पेच वेगळा आहे. यमुना आणि तिचा पती विनायक मनाने ख्रिस्ताकडे झुकलेले आहेत, पण उघडपणे नाही. प्रश्न आहे तो मापाखाली झाकलेल्या दिव्याचा. रात्री येऊन येशूला भेटणाऱ्या निकदेमाची ही मराठी आवृत्ती आहे. विधवांच्या कहाण्या या झाकलेल्या दिव्याभोवती येत राहतात, आणि प्रत्येक कहाणी जणू विचारते की इतके पाहिल्यावरही हा दिवा झाकलेलाच राहणार काय? सामाजिक आशय आणि शिष्यत्वाचा आशय येथे एकमेकांना कारण ठरतात. कादंबरीची प्रचारकी बाजू उघड आहे. तिची लांबलचक प्रवचने आज वाचवत नाहीत. तरीही प्रकाश जाणणे आणि प्रकाशात येणे यांतील अंतर मराठी गद्यात प्रथम मांडले गेले ते येथे.

६

हे अंतर कवितेत आणि जगण्यात ओलांडले ते नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. त्यांच्या धर्मांतराची कथा वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला जवळची आहे. नागपूरला असताना त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषि’ हे मासिक चालवले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या पुस्तकात त्यांना पकडून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे सिद्धान्ताने नव्हे, शिष्यांच्या आचारसंहितेने. ख्रिस्ती प्रकाशात ते शिरले ते अनुसरणाच्या दारातून.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. या विधानाचा वाङ्मयीन अर्थ असा की मिशनने बाहेर ठेवलेला ‘उजेड’ त्यांनी घरात घेतला. ‘अभंगांजली’तील येशू हा वाद जिंकणारा सत्याचा दिवा नाही. तो वाटेवर सोबत चालणारा आहे. त्यासाठी टिळकांना अभंग लागला, कारण अभंग हा मुळात चालण्याचा छंद आहे. वारीच्या पावलांवर तो घडला आहे. प्रकाशाच्या मागोमाग चालणे ही योहानाची प्रतिमा वारकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पसायदानातील दुरिताचे तिमिर आणि योहानाच्या पत्रातील भावाच्या द्वेषाचा अंधार यांची भेट टिळकांच्या अभंगात झाली, असे म्हणता येईल.

या आकलनाचा सामाजिक परिणाम १९१७ मध्ये दिसला. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ अशी त्याची कल्पना होती. मिशनच्या दृष्टीने हे धाडस होते, कारण प्रकाशाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारी रेषाच त्याने पुसली जात होती. टिळकांच्या दृष्टीने ती रेषा चालणाऱ्याच्या पावलांनी ठरते, रजिस्टरातील नोंदीने नव्हे. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून ते अपयश होते. शिष्यत्वाची व्याख्या म्हणून मराठीतील तो सर्वांत धीट प्रयत्न आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. या ग्रंथाचे विनोदी, निर्मळ गद्य आपण सर्वांनी वाखाणले आहे. त्यातील श्रद्धेचा प्रवास मात्र ‘प्रांजळपणा’ या एका शब्दात गुंडाळला जातो. पतीने धर्म सोडल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या. पुढे परत आल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. त्यांच्या मनात पालट झाला तो उपदेशाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा एकटीने विचार करताना तो झाला. आणि झाला तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दमास्कसच्या वाटेवरील घटनेशी तोलून पाहिली तर या प्रसंगाची थोरवी कळते. आकाशातून तेज नाही, वाणी नाही. आहे तो पाण्याचा पेला. पण योहानाच्या पत्रातील कसोटी येथे अक्षरशः लागू होते. दुसऱ्याला विटाळ मानणे संपले, आणि त्या उजेडात आल्या. मराठीत ‘उजेड पडणे’ म्हणजे हेच. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले आणि त्यातील बहुतांश अध्याय त्यांचे आहेत. ज्या बाईला पती गेल्या वाटेने जाणे असह्य झाले होते, तिने त्याची वाट पुढे चालून संपवली.

याच पिढीतील पंडिता रमाबाईंचा विचार येथे थोडक्यात करणे भाग आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर (१९२२) ते १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले, आणि छपाईच्या कामात आश्रमातील स्त्रियांचे हात होते. संस्कृतचे पांडित्य ज्यांच्या जिभेवर खेळत होते त्यांनी निरक्षरतेतून नुकत्याच बाहेर आलेल्या बायकांसाठी साधी भाषा पत्करली. त्यांच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून आश्रमातील अंध स्त्रियांना ती शिकवली. ज्यांना दिवा कधीच दिसणार नाही त्यांच्यापर्यंत प्रकाश न्यायचा तर तो बोटांनी न्यावा लागतो. हनन्याने शौलावर ठेवलेल्या हाताची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

७

मनोरमाबाई अमेरिकेत ज्या विद्यालयात शिकल्या ते नॉर्थ चिली येथील चेस्ब्रो सेमिनरी फ्री मेथडिस्ट पंथाचे होते. यवतमाळ जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करणारे मिशन याच पंथाचे. कापसाच्या या जिल्ह्यात त्यांनी शाळा काढल्या, उमरीला दवाखाना उभा केला, आणि मराठी माध्यमातून धर्मशिक्षण देण्यास आरंभ केला. त्यातूनच १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. देशभरातून विद्यार्थी यवतमाळसारख्या आडबाजूच्या गावी ईश्वरविज्ञान शिकायला येऊ लागले. ही संस्था १९८३ मध्ये पुण्यास गेली. तीस वर्षे हे गाव भारतीय ख्रिस्ती शिक्षणाचे एक केंद्र होते, याची नोंद आपल्या जिल्ह्याच्या वाङ्मयीन स्मृतीत जवळजवळ नाही. सेमिनरीचे शिक्षण इंग्रजीतून चाले, आणि मराठी विभागांना ईश्वरविज्ञान हा आपला विषय वाटला नाही. एकाच गावात दोन दिवे होते. एकाचा उजेड दुसऱ्याच्या अंगणात पडला नाही. दोष दोन्ही घरांचा.

विदर्भात या चर्चेला आणखी एक परिमाण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा मराठीत उजेडाचे तिसरे आकलन रुजले. स्वतःच आपला दीप होण्याच्या बुद्धवचनाला येथे नवा सामाजिक अर्थ मिळाला. ज्यांना शतकानुशतके कोणाच्या तरी मागे, कोणाच्या तरी सावलीत चालावे लागले, त्यांना अनुसरणाचा उजेड संशयास्पद वाटावा हे स्वाभाविक आहे. मराठी ख्रिस्ती समाजातही बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरूनच आले होते, आणि चर्चमध्येही जात शिल्लक राहिली हे त्यांनी अनुभवले. म्हणून अनुसरणाचे रूपक आज कोणत्याही प्रश्नाविना वापरता येणार नाही. कोणाच्या मागे, आणि मागे चालणाऱ्याला मान वर करता येते की नाही, हे विचारावेच लागेल. ख्रिस्ती संहितेच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तेथे पुढे चालणारा शेवटी कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, आणि मागे चालणाऱ्यालाच जगाचा प्रकाश म्हणतो. पौलाने हा प्रकाश मातीच्या भांड्यांत ठेवलेला ठेवा आहे असे करिंथकरांना लिहिले. मराठीत त्याला पणती हा साधा शब्द आहे. पणतीला माज करता येत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. त्याच्या पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू. संमेलनाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होण्याची ही पहिली वेळ होती, आणि त्यांच्या निवडीला धर्माच्या कारणावरून विरोधही झाला. २०२४ मध्ये ते गेले. त्या विरोधामागे १८४२ चेच गृहीतक उभे होते : ख्रिस्ती माणूस प्रकाश म्हणतो म्हणजे तो आपल्याला अंधारात समजतो. मराठीतील चार शतकांच्या लेखनाने हे गृहीतक आतूनच मोडून काढले आहे. स्टीफन्सने शिष्याला प्रश्न दिले, पदमनजींनी मध्याह्न सोडून पहाट घेतली, टिळकांनी आत-बाहेरची रेषा पुसली, लक्ष्मीबाईंनी प्रकाश पाण्याच्या पेल्यात उतरवला.

पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना विद्यार्थी हसतात ते टिळकांच्या विसराळूपणाला, आणि गप्प होतात ते पाण्याच्या प्रसंगापाशी. त्या गप्प होण्याचे कारण ‘प्रांजळपणा’ या शब्दाने सांगता येत नाही. वर्गात बसलेल्या कोणाच्या तरी आजीने कोणाला तरी वरून पाणी वाढलेले असते. कोणाच्या आजोबांनी ते ओंजळीत घेतलेले असते. ख्रिस्ती मराठी वाङ्मय हे एका लहान समाजाचे विशेष दालन मानून जोवर आपण वाचू, तोवर या गप्प होण्याला आपल्या समीक्षेत जागा मिळणार नाही. ही वाङ्मयपरंपरा उजेडाविषयी विचारते तो प्रश्न मराठीच आहे, आणि तो प्रत्येक लेखकाला, प्रत्येक अध्यापकाला लागू आहे : दिवा तर लावलास, पण त्याच्या उजेडात शेजारी दिसला का?